ओस ग्रामीण वस्त्यांचे अनुबोधी छायाचित्रण, अमेरिकेतील

आर्थिक आपत्ती आणि स्थलांतर यांमुळे रिकाम्या होत गेलेल्या शेतवाड्या, खेडी व लहान गावे यांची, तसेच ती सोडून गेलेल्या लोकांची छायाचित्रांद्वारे केलेली पद्धतशीर नोंद. या प्रकारच्या छायाचित्रणाचे अत्यंत विस्तृत व प्रभावी उदाहरण म्हणजे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९३५ ते १९४३ या काळात संघीय शासनाने करवून घेतलेला छायाचित्रसंग्रह होय. हे काम प्रथम ‘रीसेटलमेंट ॲडमिनिस्ट्रेशन’ (पुनर्वसाहत प्रशासन), १९३७ पासून ‘फार्म सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशन’ (शेती सुरक्षा प्रशासन) आणि १९४२ पासून ‘ऑफिस ऑफ वॉर इन्फर्मेशन’ (युद्धमाहिती कार्यालय) अशा तीन कार्यालयांच्या आधिपत्याखाली झाले. या संग्रहात सु. १,७५,००० कृष्णधवल निगेटिव्ह व सु. १,६०० रंगीत पारदर्शिका असून तो वॉशिंग्टन येथील काँग्रेस ग्रंथालयात आहे.

वास्तवाची नोंद करून तिच्याद्वारे लोकमत घडविण्याचा हेतू असलेल्या छायाचित्रणास अनुबोधी छायाचित्रण म्हणतात. जेकब रीस (१८४९–१९१४) याने न्यूयॉर्कमधील गलिच्छ वस्त्यांची आणि ल्यूइस हाइन (१८७४–१९४०) याने बालकामगारांची घेतलेली छायाचित्रे ही त्याची आरंभीची उदाहरणे. या दोघांचे विषय त्यांच्या समोर उपस्थित होते. ओस वस्तीच्या बाबतीत मात्र मुख्य घटना, म्हणजे माणसांचे निघून जाणे, कॅमेरा पोहोचण्यापूर्वीच घडून गेलेली असते. मागे उरते ते बंद दार, उखडलेले कुंपण आणि अंगणात साचलेली माती. माणसे का गेली, हे या वस्तू स्वतः सांगत नाहीत. त्यामुळे चित्र व त्याखालील शब्द यांच्या संबंधाचा प्रश्न या छायाचित्रणात प्रारंभापासूनच निर्माण झाला.

पार्श्वभूमी : पहिल्या महायुद्धाच्या काळात गव्हाची मागणी वाढल्याने मध्यवर्ती मैदानी प्रदेशातील गवताळ जमीन मोठ्या प्रमाणावर नांगरली गेली. युद्धानंतर शेतमालाचे भाव उतरले आणि १९२९ च्या महामंदीनंतर ते पूर्णपणे कोसळले. १९२९ मध्ये बुशेलला सु. एक डॉलर असलेला गव्हाचा भाव १९३२ मध्ये ४० सेंटांच्या खाली आला. १९३१ पासून दीर्घ अवर्षण सुरू झाले. गवताच्या मुळांनी धरून ठेवलेली माती नांगरणीने मोकळी झालेलीच होती. ती वाऱ्याने उडू लागली. १४ एप्रिल १९३५ रोजी झालेले धुळीचे वादळ इतके भीषण होते, की तो दिवस ‘काळा रविवार’ म्हणून ओळखला जातो. कॅनझसचा पश्चिम भाग, कोलोरॅडोचा आग्नेय भाग, न्यू मेक्सिकोचा ईशान्य भाग आणि ओक्लाहोमा व टेक्सस या राज्यांचे चिंचोळे पट्टे मिळून होणाऱ्या प्रदेशास ‘डस्ट बोल’ (धुळीचा टापू) हे नाव याच सुमारास पडले. या टापूतील ओक्लाहोमाच्या सिमरॉन परगण्याची लोकसंख्या १९३० मध्ये ५,४०८ होती. ती १९४० मध्ये ३,६५४ झाली. म्हणजे दहा वर्षांत जवळजवळ एक-तृतीयांश लोक कमी झाले. तथापि दोन-तृतीयांश लोक तेथेच टिकून राहिले, हेही लक्षात घेतले पाहिजे.

स्थलांतराचे सर्व कारण धुळीत शोधण्याची पद्धत रूढ झाली असली, तरी ती बरोबर नाही. ओक्लाहोमा, टेक्सस, आर्‌कॅन्सॉ व मिसूरी या राज्यांतून १९३०–४० या दशकात तीन लाखांहून अधिक लोक कॅलिफोर्नियात गेले. त्यांतील बहुसंख्य धुळीच्या टापूतील नसून त्याच्या पूर्वेकडील भागांतले, विशेषतः कापूस पिकविणाऱ्या प्रदेशातील होते. १९३३ च्या शेती समायोजन कायद्याने पिकाखालील क्षेत्र कमी करणाऱ्यास शासन रोख मोबदला देऊ लागले. हा मोबदला प्रामुख्याने जमीनमालकाच्या हाती पडे. क्षेत्र कमी केल्यावर कुळांची गरज कमी झाली आणि मिळालेल्या पैशातून पुष्कळ मालकांनी ट्रॅक्टर घेतले. परिणामी कुळे आणि अर्धेलीने शेती करणारे लोक जमिनीवरून निघाले. दक्षिणेकडील राज्यांत अर्धेलीने शेती करणाऱ्यांची संख्या १९३० मध्ये सु. ७·७६ लाख होती. ती १९४० मध्ये सु. ५·४१ लाख झाली. शेतकऱ्यांना तारण्यासाठी केलेल्या उपाययोजनेनेच शेतकऱ्यांतील सर्वांत दुर्बल थराचे पाय उखडले, ही विसंगती या छायाचित्रप्रकल्पाच्या मुळाशी आहे. कारण तो प्रकल्पही त्याच शासनाचा होता.

संघटना व कार्यपद्धती : फ्रँक्लिन रूझवेल्ट यांच्या आदेशाने १९३५ मध्ये पुनर्वसाहत प्रशासन स्थापन झाले. त्याचे प्रमुख रेक्सफर्ड टगवेल (१८९१–१९७९) हे कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी आपले सहकारी रॉय एमर्सन स्ट्रायकर (१८९३–१९७५) यांना माहिती शाखेतील ‘इतिहास विभागा’चे प्रमुख नेमले. स्ट्रायकर कॅनझसमधील असून स्वतः छायाचित्रकार नव्हते. परंतु अर्थशास्त्र शिकविताना छायाचित्रांचा उपयोग करण्याचा त्यांना दीर्घ अनुभव होता. गरीब शेतकऱ्यांना कर्ज, पुनर्वसाहत आणि स्थलांतरितांसाठी निवारा या खर्चिक योजनांना काँग्रेसचा व शहरी मतदारांचा पाठिंबा मिळविणे, हे विभागाचे अधिकृत काम होते. स्ट्रायकर यांनी त्याचा विस्तार करून अमेरिकन ग्रामजीवनाचा सर्वांगीण आलेख तयार करण्याचे उद्दिष्ट ठेवले.

छायाचित्रकाराला दौऱ्यावर पाठविण्यापूर्वी त्या भागाचा भूगोल, पिके, बाजारभाव व जमीनधारणा यांविषयी वाचावयास सांगण्यात येई. त्याबरोबर ‘चित्रणसंहिता’ दिली जाई. म्हणजे कोणते विषय टिपावेत, याची प्रश्नरूप यादी असे. १९३६ मध्ये समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट लिंड यांच्याशी झालेल्या चर्चेनंतर स्ट्रायकर यांनी लहान गावांच्या जीवनावर अशी एक विस्तृत यादी तयार केली. लोक संध्याकाळी कोठे जमतात, श्रीमंत व गरीब यांच्या घरांत काय फरक असतो, असे साधे प्रश्न तीत होते. गाव ओस पडणे म्हणजे या नित्यक्रमांचा लोप होणे; त्यामुळे नित्यक्रमांची नोंद असल्यावाचून लोपाचीही नोंद होऊ शकत नाही, हे त्यामागील तत्त्व होय.

कॅमेऱ्यांची निवड छायाचित्रकारावर सोपविलेली होती. आठ बाय दहा इंची निगेटिव्ह देणारा तिवईवरील मोठा कॅमेरा, हातात धरावयाचा ग्राफ्लेक्स, रोलायफ्लेक्स आणि ३५ मिमी. फिल्मचा लायका हे सर्व प्रकार वापरात होते. फिल्म सामान्यतः वॉशिंग्टनला पाठविली जाई. तेथे ती धुऊन प्रती काढल्या जात व त्या मथळे लिहिण्यासाठी छायाचित्रकाराकडे परत येत. निवडलेल्या प्रती पुठ्ठ्यावर चिकटवून फाइलमध्ये ठेवीत व वृत्तपत्रे, नियतकालिके आणि ग्रंथकार यांना त्या पुरवीत. नापसंत निगेटिव्हला भोक पाडून ते निकामी करण्याची स्ट्रायकर यांची पद्धत होती. छायाचित्रकारांच्या विरोधामुळे ती पुढे बंद झाली. परंतु तोपर्यंत असंख्य निगेटिव्ह भोकांकित झाले होते.

प्रमुख छायाचित्रकार : विभागात एका वेळी मोजकेच छायाचित्रकार असत. आर्थर रॉथस्टाइन (१९१५–८५), कार्ल मायडन्स (१९०७–२००४), वॉकर एव्हान्स (१९०३–७५), डोरोथीआ लँग (१८९५–१९६५) आणि चित्रकार बेन शान (१८९८–१९६९) हे आरंभीचे होत. रसेल ली (१९०३–८६), जॉन व्हेशॉन (१९१४–७५), मॅरिअन पोस्ट वुल्कट (१९१०–९०), जॅक डेलानो (१९१४–९७) व गॉर्डन पार्क्स (१९१२–२००६) हे पुढे आले.

यांपैकी लँग व एव्हान्स यांच्या पद्धती परस्परविरुद्ध टोकांच्या होत्या. एव्हान्स यांच्या छायाचित्रांत दुकानांच्या दर्शनी भिंती, फळ्यांची घरे, चर्च व रिकामे रस्ते समोरून, सपाट प्रकाशात, कोणत्याही भावनिक आवाहनाविना येतात. अमेरिकन फोटोग्राफ्स (१९३८) या पुस्तकात त्यांनी छायाचित्राच्या समोरचे पान कोरे ठेवले. वस्तूने आपला अर्थ स्वतः सांगावा, अशी त्यांची धारणा होती. लँग यांना शब्दांवाचून चित्र अपुरे वाटे. त्यांचे पती पॉल टेलर (१८९५–१९८४) हे कॅलिफोर्निया विद्यापीठातील अर्थतज्ञ होते. दोघे एकत्र दौरे करीत, लोकांशी बोलत आणि त्यांची वाक्ये जशीच्या तशी टिपून घेत. त्यांच्या ॲन अमेरिकन एक्झोडस (१९३९) या ग्रंथात छायाचित्रे, स्थलांतरितांचे उद्‌गार व आर्थिक विश्लेषण यांची सांगड घातलेली आहे. जमिनीच्या धुपेबरोबर माणसांचीही धूप होत आहे, अशी त्याची मध्यवर्ती कल्पना होती.

रिकामेपणाचे प्रकार : संग्रहातील ओस वस्त्यांची छायाचित्रे कारणांनुसार चार गटांत पाहता येतात. पहिला गट धुळीने रिकाम्या झालेल्या शेतवाड्यांचा. रॉथस्टाइन यांनी एप्रिल १९३६ मध्ये सिमरॉन परगण्यात घेतलेले, वादळातून अर्ध्या पुरलेल्या झोपडीकडे जाणाऱ्या शेतकऱ्याचे व त्याच्या दोन मुलांचे छायाचित्र यांत सर्वाधिक प्रसिद्ध आहे. हे कुटुंब निघून गेलेले नाही. तरीही कुंपणाच्या खांबांपर्यंत चढलेली वाळू निघून जाण्याचे कारण स्पष्ट करते.

दुसरा गट यंत्राने रिकाम्या केलेल्या घरांचा. लँग यांनी १९३८ मध्ये टेक्ससच्या चिल्ड्रेस परगण्यात घेतलेल्या छायाचित्रात नांगराच्या सऱ्या वळणे घेत एका रिकाम्या घराच्या भिंतीपर्यंत गेलेल्या दिसतात. अंगण, वाट, परसबाग काहीच उरलेले नाही. येथे जमीन उजाड नाही, उलट ती व्यवस्थित कसलेली आहे. धुळीच्या चित्रात निसर्ग दोषी दिसतो. या चित्रात मात्र शेत भरभराटीला आलेले आणि घर मेलेले आहे. ट्रॅक्टरने कुळाला घालवून दिले, या अर्थाच्या मथळ्यावाचून हा भेद दूरच्या वाचकाला कळला नसता. शासनाच्या पगारावरील छायाचित्रकाराने शासकीय मोबदल्याचे फलित शासनाच्याच फाइलमध्ये ठेवले, हे या छायाचित्राचे विशेष महत्त्व होय.

तिसरा गट साधनसंपत्ती संपल्याने वा उद्योग बंद पडल्याने ओसरलेल्या गावांचा. वेस्ट व्हर्जिनियातील स्कॉट्‌स रन या कोळसाखाणींच्या खोऱ्याची छायाचित्रे एव्हान्स, शान व पुढे वुल्कट यांनी घेतली. ली यांनी १९३७ मध्ये मिनेसोटा, विस्कॉन्सिन व मिशिगन यांच्या उत्तर भागातील जंगलतोड झालेला प्रदेश चित्रित केला. लाकूड संपल्यावर तेथे खुंटांनी भरलेली नापीक जमीन व काम नसलेली माणसे एवढेच उरले होते.

चौथा गट शासकीय भूसंपादनाचा. १९३५ मध्ये रॉथस्टाइन यांनी व्हर्जिनियातील शेननडोआ राष्ट्रीय उद्यानासाठी हलविल्या जाणाऱ्या डोंगरी कुटुंबांची छायाचित्रे घेतली. तो त्यांच्या आरंभीच्या दौऱ्यांपैकी एक होय. १९४१ मध्ये डेलानो यांनी साउथ कॅरोलायनातील सँटी-कूपर जलाशयाच्या आणि जॉर्जिया व व्हर्जिनिया यांतील लष्करी तळांच्या क्षेत्रांतून उठणाऱ्या वस्त्या टिपल्या. घरे मोडण्यापूर्वी, सामान बांधले जात असतानाच छायाचित्रकार तेथे पोहोचल्यामुळे गमनाची प्रत्यक्ष प्रक्रिया येथे पाहावयास मिळते.

यांखेरीज गेलेली माणसे कोठे गेली, याचाही मागोवा घेण्यात आला. लँग यांनी कॅलिफोर्नियातील रस्ते, कालव्याकाठची पाले व मळे, वुल्कट यांनी फ्लॉरिडातील बेल ग्लेड येथील हंगामी मजूर आणि ली यांनी न्यू मेक्सिकोतील पाय टाउन (१९४०) ही टेक्सस व ओक्लाहोमा येथून आलेल्या कुटुंबांची नवी वसाहत चित्रित केली. अशा रीतीने सोडलेले घर, रस्ता आणि मुक्काम हे तिन्ही टप्पे एकाच फाइलमध्ये आले.

परिणाम : टेलर व लँग यांच्या १९३५ मधील सचित्र अहवालांमुळे कॅलिफोर्नियात मेरिझव्हिल व आर्व्हिन येथे स्थलांतरितांसाठी शासकीय छावण्या उभारण्यास चालना मिळाली. मार्च १९३६ मध्ये निपोमो येथील वाटाणा-मजुरांच्या तळावरील उपासमारीची वार्ता लँग यांच्या छायाचित्रांसह सॅन फ्रॅन्सिस्को न्यूज या वृत्तपत्रात आली आणि त्यानंतर शासनाने तेथे सु. ९,००० किग्रॅ. अन्नधान्य पाठविले. शेर्वुड अँडरसन यांच्या होम टाउन (१९४०) व रिचर्ड राइट यांच्या ट्वेल्व्ह मिल्यन ब्लॅक व्हॉइसेस (१९४१) या पुस्तकांत संग्रहातील छायाचित्रे वापरली आहेत. परंतु चित्रांनी निर्माण केलेली सहानुभूती सार्वत्रिक नव्हती. फेब्रुवारी १९३६ मध्ये लॉस अँजेल्सच्या पोलिसांनी निर्धन आगंतुकांना राज्याच्या सीमेवरच अडविले होते. दुसऱ्या राज्यातून निर्धनांना आणणे कॅलिफोर्नियात गुन्हा ठरविणारा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९४१ मध्येच रद्द केला.

आक्षेप : या छायाचित्रांच्या सत्यतेविषयी त्या काळीच वाद झाले. १९३६ मध्ये साउथ डकोटात रॉथस्टाइन यांनी गुराची एक कवटी काही फूट हलवून वेगवेगळ्या पार्श्वभूमींवर टिपली. हे उघड होताच रूझवेल्ट यांच्या विरोधकांनी सर्व चित्रे बनावट असल्याचा प्रचार केला. अवर्षण खोटे नव्हते; तथापि पुराव्यातील एक वस्तू जागची हलली, तर सर्व पुराव्यावरील विश्वास ढळतो, हा धडा विभागाला मिळाला. सिमरॉनमधील छायाचित्रातील मुलाची हालचालही छायाचित्रकाराच्या सूचनेनुसार झाली असावी, असे काही अभ्यासकांनी पुढे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

दुसरा आक्षेप चित्रित व्यक्तींच्या हक्काचा. निपोमो येथे लँग यांनी टिपलेली ‘स्थलांतरित माता’ ही या संग्रहातील सर्वांत प्रसिद्ध प्रतिमा होय. तिच्यातील स्त्रीचे नाव नोंदविले गेले नव्हते. १९७८ मध्ये तिची ओळख पटली, तेव्हा या छायाचित्रापासून आपणास काहीही मिळाले नाही, असे तिने सांगितले. ती चेरोकी वंशाची होती आणि धुळीच्या वादळांच्या कितीतरी आधी ओक्लाहोमा सोडून आली होती. धुळीमुळे विस्थापित झालेल्या गोऱ्या शेतकरी कुटुंबाचे प्रतीक म्हणून जगाने जिला ओळखले, तिची प्रत्यक्ष कहाणी अशी वेगळी होती. अन्नसाहाय्य निपोमोस पोहोचेपर्यंत तिचे कुटुंब तेथून पुढे गेले होते.

तिसरा आक्षेप निवडीचा. वृत्तपत्रे कोणती चित्रे छापतील, याचा विचार करून स्ट्रायकर यांनी गोऱ्या कुळांच्या चित्रणावर अधिक भर देण्यास सुचविले होते. दक्षिणेत जमिनीवरून निघालेल्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण मोठे असताना संकटाचा लोकमान्य चेहरा गोराच राहिला. फाइलमध्ये कृष्णवर्णीय शेतकऱ्यांची छायाचित्रे विपुल आहेत. त्या काळच्या छापील पानांवर मात्र ती तुलनेने क्वचितच आली.

अखेर व मूल्यमापन : अमेरिका युद्धात उतरल्यावर विभागाचे काम युद्धप्रचाराकडे वळले आणि काँग्रेसमधील विरोधकांनी शेती सुरक्षा प्रशासनाचा निधी कमी केला. संग्रह विखुरला वा नष्ट केला जाईल, या भीतीने स्ट्रायकर यांनी तो काँग्रेस ग्रंथालयाकडे जावा म्हणून प्रयत्न केले व १९४३ मध्ये राजीनामा दिला. १९४४ मध्ये संग्रह ग्रंथालयात आला. पॉल व्हँडरबिल्ट यांनी प्रतींची प्रदेशवार व विषयवार मांडणी केली. तत्पूर्वी दौऱ्यांचा मूळ क्रम सूक्ष्मपटावर जतन केला. १९६२ मध्ये एडवर्ड स्टायकन यांनी न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात ‘द बिटर इयर्स’ हे प्रदर्शन मांडून संग्रहाकडे पुन्हा लक्ष वेधले. ते २०१२ पासून लक्सेंबर्गमधील ड्यूडलँझ येथे ठेवण्यात आले. बिल गँझेल यांनी त्याच स्थळांची व माणसांची नव्याने छायाचित्रे घेऊन डस्ट बोल डिसेंट (१९८४) हा ग्रंथ सिद्ध केला. शासकीय निर्मिती असल्याने ही छायाचित्रे कोणासही विनामूल्य वापरता येतात. त्यांच्या जगभरच्या प्रसाराचे हे एक कारण आहे. आणि मथळ्यापासून तुटून ती भलत्याच अर्थाने वापरली जाण्याचेही तेच कारण आहे.

ओस गावाचे छायाचित्र सहज सुंदर होते. पडके छप्पर, तिरपा प्रकाश व निर्मनुष्य रस्ता पाहणाऱ्याच्या मनात हळहळ उत्पन्न करतात. पण हळहळीत कारणांचा विसर पडण्याचा धोका असतो. या संग्रहाचे ऐतिहासिक मोल त्यातील निवडक प्रसिद्ध प्रतिमांत नसून, तीच घरे, तेच रस्ते आणि तीच माणसे ओळीने दाखविणाऱ्या हजारो अप्रसिद्ध चित्रांत, त्यांच्याखालील मथळ्यांत आणि भोके पाडलेल्या निगेटिव्हांतही आहे. ती जनगणनेचे आकडे व जमीनधारणेच्या नोंदी यांच्या जोडीने वाचली असता घर कोणी सोडले, कोणी सोडावयास लावले आणि जमीन कोणाकडे गेली, या प्रश्नांची उत्तरे मिळू शकतात.